अकरा सेकंदांची किटली

ओसानाई तोमेसाकु यांनी एकशे बारा चित्रपट दिग्दर्शित केले आणि चौसष्ट चित्रपटांत कामही केलं. सगळे साठ मिनिटांचे, सगळे प्रौढांसाठीचे, सगळे तीन-चार दिवसांत उरकलेले. पडद्यावर ते भांडले, रडले, खोटी वचनं दिली, एकदा भिक्षू होऊन प्रवचनही केलं. या चौसष्टांपैकी त्रेसष्ट चित्रपटांत त्यांचा स्वतःचा आवाज नाही.

त्यांनी अभिनय सुरू केला तो १९७४ साली, एका सुटामुळे. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे सहायक होते. नटनट्यांच्या अंगावर सेन्सॉरच्या नियमानुसार जे झाकायचं तेवढं झाकणारी कातडीच्या रंगाची चिकटपट्टी कापणं हे त्यांचं मुख्य काम. चित्रीकरणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नायक सिगारेट आणायला गेला तो परत आलाच नाही. त्याचा सूट मागे राहिला होता. निर्माते शिगेमात्सु यांनी तो ओसानाईंना घालायला लावला, खांद्याची शिवण पाहिली आणि म्हणाले, "बसतोय." चेहऱ्याबद्दल ते काही बोलले नाहीत. त्या दिवशीची पट्टी ओसानाईंनी स्वतःसाठी कापली.

या धंद्यात चित्रीकरणाच्या वेळी आवाज घेत नाहीत. कॅमेरा घरघरतो, भाड्याच्या घरांच्या भिंती पातळ असतात, आणि शेजाऱ्यांना काही कळू नये हे सगळ्यांच्याच सोयीचं असतं. नंतर एका दिवसात सगळे नट पडद्यासमोर उभे राहून आपापले संवाद भरतात. ओसानाईंनी तीन वाक्यं म्हटली आणि शिगेमात्सुंनी यंत्र थांबवलं. ओसानाई उत्तरेकडच्या त्सुगारूचे. तिकडे माणसं ओठ जेमतेम उघडून बोलतात. थंडी आत जाऊ नये म्हणून, असं टोकियोतले लोक म्हणतात.

"हे बोलणं ऐकलं की माणसाला गाव आठवतं," शिगेमात्सु म्हणाले. "आणि गाव आठवलं की बाकीचं काही सुचत नाही."

दुपारी ओरितो नावाच्या गृहस्थांना बोलावण्यात आलं. ते रेडिओवर पोटाच्या औषधाच्या जाहिराती करत. पुढची एकोणतीस वर्षं पडद्यावरच्या ओसानाईंचा आवाज म्हणजे ओरितो.

हे काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. आवाज घ्यायचा नसल्यामुळे कॅमेरा चालू असतानाच दिग्दर्शक ओरडून सूचना देतो, ही या धंद्याची जुनी रीत. ओसानाई नट म्हणून अंथरुणात असत तेव्हा तिथूनच सूचना देत. त्यामुळे त्यांचे ओठ कॅमेरामनला "हिदाका, दिवा खाली घे" असं म्हणत असायचे आणि त्याच ओठांवर ओरितोंना "तुला सोडून मी कुठे जाणार" बसवावं लागायचं. ओरितो ते चोख बसवत.

"तुझ्या बायकोने बघितलं नसेल एवढं मी तुझ्या तोंडाकडे बघितलंय," ते म्हणायचे.

"लोक तोंडचा घास पळवतात. तू अख्खं तोंडच पळवलंस," ओसानाई म्हणायचे. नंतर दोघे ओसानाईंच्या बहिणीने गावाहून पाठवलेली सफरचंदं खायचे. दर शरद ऋतूत एक खोकं यायचं. आपला भाऊ चित्रपटांत आहे एवढं बहिणीला माहीत होतं. त्यापुढे तिने कधी विचारलं नाही.

२००३ साली ओसानाईंनी स्वतःसाठी एक कथा लिहिली. त्सुगारूचा एक कौलारू, म्हणजे घरं शाकारणारा कारागीर, हिवाळ्यात कामासाठी टोकियोला येतो, एका विधवेच्या घरी भाड्याने राहतो आणि बर्फ वितळल्यावर परत जातो. विधवेच्या भूमिकेत इबुकी रान, सगळ्यांच्या रानसान. त्यांनी ओसानाईंबरोबर एकोणीस चित्रपट केले होते आणि त्यांतल्या अकरांत त्या विधवाच होत्या. संहिता शिगेमात्सुंच्या हातात देताना ओसानाईंनी सांगितलं की या वेळी बोलणार मी.

"अंथरुणातले ठरलेले पाच प्रसंग आहेत ना?"

"पाच आहेत."

"मग बोल."

ऑक्टोबरच्या अखेरीस तीन दिवसांत चित्रीकरण झालं. ओसानाईंचा घसा उन्हाळ्यापासून बसला होता. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. शस्त्रक्रिया दहा नोव्हेंबरला. संवाद भरण्याचा दिवस होता चौदा. स्टुडिओत आधीची तारीख मिळेना, चित्रपटाची जुळणीही अर्धवट होती, आणि डॉक्टर एक दिवसही थांबायला तयार नव्हते. ओरितो आहेतच, असं शिगेमात्सु म्हणाले. त्यात वाईट हेतू काही नव्हता.

आठ तारखेला ओसानाई कॅमेरामन हिदाका यांच्या घरी गेले. बाहेरचे आवाज येऊ नयेत म्हणून गाद्या ठेवायच्या कपाटात, गाद्यांच्या मधोमध, गुडघे छातीशी घेऊन बसले. हिदाकांनी ध्वनिमुद्रणाचं यंत्र चालू केलं, त्यांच्या बायकोने विजेरी धरली. ओसानाईंनी कौलारूचं प्रत्येक वाक्य तीनदा म्हटलं: एकदा सावकाश, एकदा घाईत, एकदा मध्यम. पडद्यावर ओठ कसे हलतील ते समोर दिसत नव्हतं. दोन तास लागले.

चौदा तारखेला ओसानाई दवाखान्यात होते. स्टुडिओत रानसान आणि इतरांनी आपापले संवाद भरले. ओसानाईंची वाक्यं ध्वनिमुद्रकाने फितीवरून एकेक करून ओठांवर बसवली. काही बसली, काही अर्ध्या शब्दाने मागेपुढे राहिली. कौलारू थंडीच्या मुलखातला आहे, असं म्हणून ती चालवून घेण्यात आली. चार वाजता शेवटचा प्रसंग आला. कौलारू दारात बसून बूट घालतो आणि निघतो. संहितेत त्याला वाक्य नव्हतं. पडद्यावर मात्र त्याचे ओठ अकरा सेकंद हलत होते.

ओरितोंना शिगेमात्सुंनी गरज पडली तर असावेत म्हणून बोलावलं होतं. ते मागे थर्मास घेऊन बसले होते.

"'रान, हनुवटी वर घे. हिदाका, थांबू नकोस, फिल्म आहे अजून,'" त्यांनी ओठ वाचून सांगितलं. "मग परत हनुवटीच."

"तुम्ही भरून टाका," शिगेमात्सु म्हणाले. "अकरा सेकंदांचा तर प्रश्न आहे."

"एकोणसाठ मिनिटं तो बोलणार आणि शेवटी पोटाचं औषध बोलणार? मला नाही जमणार."

मग कापून टाका, असं ठरलं. चित्रपट साठ मिनिटं चार सेकंदांचा होता. थिएटरांना साठ मिनिटांपेक्षा एक सेकंदही कमी चालत नाही. हिदाकांना तेव्हा किटली आठवली. कॅमेऱ्यात फिल्म थोडी उरली की समोर असेल त्याचं चित्रण करून ठेवायची त्यांना सवय होती. चित्रीकरणाच्या शेवटच्या दिवशी समोर स्टोव्हवर किटली होती. अकरा सेकंद किटली बसवली. ती नुसतीच वाफ सोडत राहिली आणि सगळे बघत राहिले.

"फीत संपलीय का?" रानसाननी विचारलं.

संपली नव्हती. आठ तारखेला हिदाका यंत्र बंद करायला विसरले होते. शेवटच्या वाक्यानंतर गुडघे कडकडल्याचा आवाज होता, मग कपाटाचं दार, आणि मग ओसानाई हिदाकांच्या बायकोशी बोलत होते.

"बाई, झालं माझं. च्या हाय का थोडा? नुस्तं गरम पानी बी चालंल."

ध्वनिमुद्रकाने फीत पुन्हा मागे नेली. शिगेमात्सुंनी घड्याळ पाहिलं. ओरितोंनी थर्मासचं झाकण लावलं आणि म्हणाले, "हेच घ्या." ते वाक्य किटलीवर बसवण्यात आलं. किटलीला ओठ नसल्यामुळे ते तंतोतंत जुळलं.

चित्रपट जानेवारीत लागला, नेहमीप्रमाणे एका तिकिटात तीन. अशा थिएटरांत दिवसा येणारे बहुतेक लोक म्हातारे असतात आणि ऊब मिळते म्हणून झोपतात. पुढच्या आठवड्यात रानसान ओसानाईंच्या घरी गेल्या. ते गळ्याला पांढरा रुमाल बांधून, मांडीवर वही घेऊन बसले होते. रानसाननी सफरचंद सोलता सोलता, तिकीटखिडकीवरच्या बाईंनी सांगितलेली हकीकत सांगितली. मंगळवारी दुपारी कामगाराचं जाकीट घातलेला साठीचा एक माणूस पहिला, कौलारूचा चित्रपट संपताच बाहेर आला. तो नट त्सुगारूत नेमका कुठला, असं त्याने विचारलं. बाईंना माहीत नव्हतं. माणूस थोडा वेळ पोस्टरसमोर उभा राहिला आणि उरलेले दोन चित्रपट न बघताच स्टेशनकडे निघून गेला.

"शिगेमात्सु म्हणतात, मी चौऱ्याहत्तर सालीच सांगितलं होतं," रानसान म्हणाल्या.

ओसानाईंनी वहीत काहीतरी लिहून वही त्यांच्याकडे फिरवली. 'जागा होता?'

"जागा होता. शेवटपर्यंत."

ओसानाईंनी वही मिटली आणि सफरचंदाची फोड घेतली.