पंढरीनाथांचा मुका कॉम्प्युटर

भाईंदर पूर्वेला, खारी गावाला लागून उभ्या राहिलेल्या इमारतींपैकी एकीच्या तिसऱ्या मजल्यावर पंढरीनाथ दळवींचं घर आहे. लहानपणी गोवर अंगावर काढला आणि त्यात त्यांची दृष्टी गेली. परळच्या चाळीत वाढले, अंधशाळेत शिकले, फोर्टातल्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्तीपर्यंत टिकले. नोकरीत असतानाच चाळ सोडून बायकोला, स्वातीबाईंना घेऊन ते भाईंदरला आले. निवृत्त झाल्यावर माणूस जे करतो ते, म्हणजे काही न करणं, त्यांना जमेना. मग त्यांनी एक काम शोधून काढलं.

काम असं: दृष्टिहीन मुलांसाठी काही हौशी मंडळी शाळेची पुस्तकं घरी बसून वाचतात आणि मोबाइलवर ती वाचनं ध्वनिमुद्रित करतात. त्या ध्वनिमुद्रणांत कुकरच्या शिट्ट्या असतात, भंगारवाल्याची हाक असते, खोकला असतो, एकच वाक्य तीनदा वाचलेलं असतं. हा सगळा कचरा उपसून धडा स्वच्छ करायचा आणि मुलांकडे पाठवायचा, हे पंढरीनाथांचं काम. कान तयारीचा. आवाजातली खरखर त्यांना भातातल्या खड्यासारखी लागायची.

हे सगळं ते विंडोजऐवजी लिनक्सवर करत. स्क्रीनवर जे येईल ते वाचून दाखवणारा आवाज त्यात फुकट मिळतो, आणि जगभरच्या दृष्टिहीन माणसांचा एक इमेल गट आहे, तिथे कोणीही काहीही विचारावं, उत्तर येतंच. पंढरीनाथ तिथेच शिकले. त्यांच्या कॉम्प्युटरचा आवाज नाकात बोलणारा होता आणि त्यांनी त्याचा वेग इतका वाढवून ठेवला होता की दुसऱ्या कोणाला एक शब्द कळत नसे. स्वातीबाई म्हणायच्या, "माझी सवत हो ती. दिवसभर कुजबुज चाललेली."

फेब्रुवारीतली गोष्ट. स्वातीबाई बहिणीकडे चिपळूणला गेल्या होत्या, भाचीच्या बाळाचं बारसं होतं. काशीगावची दिव्या नावाची मुलगी बारावीला होती, तिचा इतिहासाचा पेपर तोंडावर आला होता. तिचे शेवटचे तीन धडे पंढरीनाथांनी रात्रंदिवस बसून साफ केले होते. फक्त पाठवायचे राहिले होते. सकाळी कॉम्प्युटर म्हणाला की अपडेट आलंय. पंढरीनाथ म्हणाले, होऊन जाऊ दे, तोवर चहा टाकतो.

चहाला उकळी आली आणि वरचा पंखा मंदावला. लाइट गेली होती. आतल्या खोलीत कॉम्प्युटरचा पंखाही दम टाकत थांबल्याचं त्यांना ऐकू आलं. बॅटरीचा डबा होता खरा, पण त्याने केव्हाच मान टाकली होती. पंढरीनाथांनी गॅस बंद केला आणि तिथेच ओट्याला धरून उभे राहिले. अपडेट अर्ध्यात तुटलं तर कॉम्प्युटर पुन्हा उठेलच असं नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

लाइट आली तेव्हा त्यांनी बटण दाबलं. पंखा फिरला. एरवी थोड्या वेळात एक छोटीशी टण्ण होई आणि तो नाकातला आवाज सुरू होई. आज काहीच नाही. त्यांनी थांबून पाहिलं, बंद करून पुन्हा लावलं. पंखा फिरतोय आणि खोली गप्प. डोळस माणसाचा कॉम्प्युटर बिघडला तर निदान स्क्रीनवर काहीतरी दिसतं. पंढरीनाथांसमोर नुसती शांतता होती, आणि शांततेला कुठून धरायचं ते कळत नव्हतं.

त्यांनी पुण्याला पुतण्याला फोन केला. नीरज ऑफिसात होता, दबक्या आवाजात बोलत होता. "काका, फॉरमॅट मारून नवीन टाकायला लागेल. शनिवारी येतो मी, टेन्शन नका घेऊ."

"अरे, आत दिव्याचे धडे आहेत. दुसरीकडे कुठे ठेवलेले नाहीत."

"मग... मुश्कील आहे काका. बघू या शनिवारी."

दिव्याचा पेपर शुक्रवारी होता.

मग त्यांनी मोबाइल काढला. फोटोतला मजकूर वाचून दाखवणारं ॲप होतं. मोबाइल स्क्रीनसमोर धरून त्यांनी फोटो घेतला. मोबाइल म्हणाला, काळ्यावर पांढरी अक्षरं. दुसऱ्या फोटोत नुसता खिडकीचा पडदा आला. तिसऱ्याला मोबाइलने एकच शब्द स्पष्ट वाचला: पॅनिक. पंढरीनाथांनी मोबाइल खाली ठेवला. मशीन पार कोलमडलं की येणारा हा शब्द त्यांनी इमेल गटावर ऐकला होता, पण दुसऱ्यांच्या बाबतीत. त्यांना डोळे हवे होते, थोड्या वेळासाठी का होईना, माणसाचे.

समोरच्या घरात व्हायोलेट बोर्जीस राहायच्या. मूळच्या उत्तनच्या, आयुष्यभर हॉस्पिटलात नर्स. सोसायटीत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. पंढरीनाथांनी बेल वाजवली.

"सिस्टर, जरा येता का? कॉम्प्युटरवर काय लिहिलंय ते वाचून दाखवायचंय."

"मला त्यातलं काय कलत न्हाय हां, पंढरीभाऊ," सिस्टर हात पुसत म्हणाल्या. घाईत असल्या की त्यांची उत्तनची बोली वर यायची. "पण वाचता येतंय. चला."

त्या स्क्रीनसमोर बसल्या. "लई लिवलंय हो. सगळं इंग्लिश आकडे. शेवटी आहे, कर्नेल पॅनिक. म्हणजे घाबरलाय काय?"

"असंच काहीतरी. पुढे काय आहे?"

"नॉट सिंकिंग... व्ही एफ एस... अनएबल टू माउंट रूट एफ एस. संपलं."

पंढरीनाथ खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. अनएबल टू माउंट रूट. म्हणजे मशीनला स्वतःची डिस्कच सापडत नाहीये. डिस्क गेली असेल तर धडेही गेले. त्या मुलीला फोन करून काय सांगायचं, याची वाक्यं ते मनात जुळवू लागले. आणि मग ऑपरेटरची जुनी सवय जागी झाली. निरोप घेताना शेवटचा शब्द नेहमी परत विचारून घ्यायचा.

"सिस्टर, एफ एस नंतर खरंच काही नाही?"

"हाय ना, पण ते फालतू हाय. ऑन अननोन ब्लॉक, आणि कंसात दोन शून्यं."

"दोन्ही शून्यंच? नीट बघा. दुसरा आकडा नाही?"

सिस्टरांनी चष्मा वर सरकवला आणि ड्यूटीवर रीडिंग सांगताना लागायचा तसा आवाज लावला. "शून्य, स्वल्पविराम, शून्य. दुसरं काही नाही."

पंढरीनाथ मटकन पलंगावर बसले. सिस्टर घाबरून उठल्या, त्यांची नाडी बघायला हात पुढे केला. पण ते हसत होते.

"काय झालं?"

"डिस्क बहुतेक ठीक आहे, सिस्टर. शून्य-शून्य म्हणजे तो डिस्कपर्यंत पोचलाच नाही. डिस्क शोधायला त्याला सुरुवातीला एक छोटी फाइल लागते. लाइट गेली तेव्हा नेमकी तीच बनायची राहिलीय. नवीन कर्नेल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आलं, पण त्याच्याजवळ घराची किल्ली नाही."

"आणि जुन्याजवळ?"

पंढरीनाथांनी मान त्यांच्या दिशेला वळवली. तेही आता हेच सांगणार होते. "जुन्याजवळ आहे. अपडेट झालं तरी तो जुनं कर्नेल टाकून देत नाही. आपण त्याला जुन्यावरून चालू व्हायला सांगायचं. एक मेन्यू येतो, तो बोलत नाही. तुम्ही वाचा, मी बटणं दाबतो."

पहिल्या खेपेला मेन्यू आलाच नाही, पुन्हा तीच पॅनिकची पाटी. दुसऱ्या खेपेला पंढरीनाथांनी घाईघाईत एस्केप इतक्या वेळा दाबलं की सिस्टर म्हणाल्या, "आता नुसतं ग्रब लिहिलंय, बाकी सगळं काळं." ते मेन्यूच्याही पलीकडे पोचले होते. पुन्हा बंद, पुन्हा चालू. सिस्टर म्हणाल्या, "इंजेक्शनला शीर सापडली न्हाय की आम्ही जरा थांबतो. लगेच टोचत न्हाय." या वेळी पंढरीनाथांनी एकदाच दाबलं आणि हात मांडीवर ठेवले.

"आला. चौकोन आलाय. वरती उबुंटू, त्याच्या खाली ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स."

खालचा बाण, एंटर.

"आता चार ओळी आहेत. पहिल्या दोन एका नंबरच्या, दुसरीला रिकव्हरी मोड म्हटलंय. तिसरी आणि चौथी वेगळ्या नंबरच्या."

"कुठला नंबर लहान?"

"तिसऱ्या-चौथ्याचा."

"मग तिसरी." त्यांनी बाण दोनदा दाबला. "कुठे आहे आता पट्टी?"

"तिसरीवर."

"नक्की?"

"अहो पंढरीभाऊ, तीस वर्षं मी औषधाच्या बाटल्या वाचल्यात. तिसरीवर आहे."

त्यांनी एंटर दाबलं.

पंखा फिरत राहिला. बाहेर कोणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती. सिस्टर म्हणाल्या की स्क्रीन काळी झाली. मग म्हणाल्या की एक गोल फिरतोय. आणि मग ती टण्ण झाली आणि नाकातला आवाज भरधाव बोलू लागला.

"हे काय बोलतोय?" सिस्टर म्हणाल्या. "गुजराती?"

"मराठीच आहे," पंढरीनाथ म्हणाले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, नाक पुसलं, मग डोळेही पुसले. "पासवर्ड विचारतोय."

सगळ्यात आधी त्यांनी दिव्याचे धडे उघडले. तिन्ही होते, शेवटच्या वाक्यापर्यंत. दुरुस्तीला हात न लावता त्यांनी ते आधी पाठवून दिले आणि मग पेनड्राइव्हवरही उतरवून घेतले. त्यानंतर अर्धवट राहिलेलं अपडेट पूर्ण करण्याची आज्ञा टाइप केली. आवाज एकेक ओळ वाचत गेला, ते हुं हुं करत ऐकत राहिले. ती हरवलेली फाइल तयार झाल्याची ओळ आली तेव्हा त्यांनी ती आवाजाकडून दोनदा वाचून घेतली. मग कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. या वेळी मेन्यू नको, बाण नको, कोणाचे डोळेही नकोत. तो आपला आपण उठला आणि बोलू लागला.

सिस्टर अजून तिथेच होत्या. त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन अर्धवट राहिलेला चहा ओतून दिला, नवा टाकला आणि दोन कप घेऊन आल्या. पंढरीनाथांनी नीरजला फोन लावला.

"चालू झालं रे."

"काय सांगता. कसं काय?"

"सिस्टरांनी वाचलं, मी दाबलं. जुन्या कर्नेलवरून उठवला आणि अपडेट पूर्ण केलं."

"माझ्या डोक्यातच नाही आलं काका," नीरज म्हणाला. "मी सरळ फॉरमॅटवर गेलो. तरी शनिवारी येतोच. नवीन बॅटरी आणतो."

"ये, पण जेवायलाच ये. तुझी काकू आलेली असेल तोवर."

दुपारी दिव्याचा फोन आला. धडे मिळाले, पहिला ऐकूनही झाला, तिने सांगितलं. एक विचारायचं होतं.

"काका, त्या वाचणाऱ्या मॅडम मध्येच एकदा हसल्यात. तहाच्या कलमांत. ते चुकून राहिलंय का?"

पंढरीनाथ म्हणाले, "हो गं, राहिलं वाटतं. काढून परत पाठवू?"

"नको नको," दिव्या म्हणाली. "ते कलम बरोबर लक्षात राहतंय त्याने. पुढच्या वेळी असं काही असलं तर राहू द्या."

त्यांनी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. चिपळूणहून स्वातीबाईंचा फोन यायचा होता, बाळाचं नाव काय ठेवलं ते कळायचं होतं. तोवर वेळ होता. पंढरीनाथांनी कानाला हेडफोन लावले आणि सातवीच्या भूगोलाचं नवीन आलेलं वाचन उघडलं. पहिल्याच मिनिटाला कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, आणि ते कामाला लागले.