मास्तरांचा अंगठा

आपल्या शिवणीत खोट काढणारं माणूस अजून जन्माला यायचंय, असं मास्तर छातीठोकपणे सांगत. ते जन्माला आलं, आणि नेमकं त्यांच्याच लेकीच्या पोटी.

नात सहा वर्षांची. सगळे तिला ठिणगी म्हणत. शिवण टोचली, लेबल घासलं की ती रात्रभर तळमळायची, कपडे काढून भिरकावायची. तिच्यापायी तिच्या आईच्याही डोळ्याला डोळा लागत नव्हता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, "हा हट्ट नव्हे. तिला स्पर्श फार जाणवतो."

"एवढंच ना? बाप शिंपी असताना लेकीने जागरणं काढायची?" म्हणत मास्तरांनी झोपायचा झगा शिवला. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड. ना लेबल, ना बटण. आतून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "लोणी आहे लोणी!"

ठिणगीने तो पाच मिनिटांत काढला. दुसऱ्याची तीच गत, तिसऱ्याचीही. मास्तरांचा पारा चढला.

"माझा अंगठा काय खोटं बोलतो?"

ठिणगीने तो अंगठा दाबून पाहिला. "आजोबा, याचा दगड झालाय." आणि झगा उलटा करून तिने त्यांच्या मानेवर घासला.

मास्तर दचकलेच. केवढी खरखर! चाळीस वर्षं सुया टोचून बोटांना घट्टे पडलेले. त्यांना काय कळणार? ते मनातून खजील झाले, मग स्वतःवरच खो खो हसले. चौथा झगा त्यांनी शिवणी बाहेर ठेवून शिवला, आणि इंच न् इंच मानेवर घासून पाहिला.

शेजारचा न्हावी डोकावला. "मास्तर, उलटा शिवलात की! वय झालं वाटतं."

"घालणारीच्या बाजूने शिवलाय. तू आपली डोकी सांभाळ."

संध्याकाळी लेक कामावरून मुलीला न्यायला आली, ती रडारडीची तयारी ठेवूनच. ठिणगी कापड बेतायच्या टेबलावर झगा घालून गाढ झोपली होती.

"कधीपासून?" लेक कुजबुजली.

"दोन तास झाले."

ती गिऱ्हाइकांच्या बाकावर टेकली. "बाबा, तुम्ही ना..." म्हणता म्हणता तिचीच मान कलली.

मास्तरांचे डोळे भरून आले. दुकान बंद करावं म्हणून ते उठले, पण शटर ओढलं तर केवढा खडखडाट होईल! मग दारातच खुर्ची टाकून ते आडवे बसले, आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ओठांवर बोट ठेवून परत पाठवू लागले.