सासूबाईंना उठवताना

माझी उंची चार फूट दहा इंच आहे, आणि त्याबद्दल मी आजवर कुणाकडे तक्रार केलेली नाही.

लग्न ठरलं तेव्हा मिलिंदच्या आईंनी मला पहिल्यांदा पाहिलं. मी दारातून आत आले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. "पोरगी चांगली हाय," त्या मिलिंदला म्हणाल्या, "पन बाकीची कुठं हाय?" आई उलव्याकडच्या. लहानपणापासून मिठागरात राबलेल्या, अंगाने भरभक्कम आणि आवाजाने त्याहून. आता त्या आमच्याजवळ नवीन पनवेलला असतात, आणि बाकीची सून अजून यायची आहे अशा थाटात माझ्या ताटात वाढतात.

डॉक्टरांच्या तक्त्यात माझं वजन अगदी मधोमध बसतं. अडचण एवढीच की तक्ता कुणी बघत नाही, फोटो सगळे बघतात. उंच बाईचं वजन दोन किलोंनी वाढलं तर ते अंगभर कुठेतरी पसरून राहतं. माझ्याकडे पसरायला जागाच नाही. आलेला प्रत्येक किलो सरळ पोटावर येऊन बसतो, एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तसा.

त्यात माझ्या नणंदेच्या, वंदनाताईंच्या मुलाचं लग्न ठरलं. रोहितच्या हळदीला घरातल्या सगळ्या बायकांनी एकसारख्या पिवळ्या साड्या नेसायच्या, असा ठराव झाला. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठा सोहळा. एकसारख्या साड्या म्हणजे एका ओळीत फोटो आणि एका ओळीत फोटो म्हणजे तुलना. मी त्याच दिवशी जाहीर केलं की हळदीपर्यंत तीन किलो कमी करणार.

"कुठून?" मिलिंदने विचारलं. त्याने खरंच काळजीने विचारलं होतं, पण मी त्याच्याशी जेवणापर्यंत बोलले नाही. (जेवण मी सोडलेलंच होतं, त्यामुळे अबोला जरा लांबला.)

मोबाईलवर मिळणारे आहाराचे सल्ले साडेपाच फुटी बाईसाठी लिहिलेले असतात, हे मला तेव्हा कळलं नाही. त्यात म्हणायचे, रोजच्यापेक्षा दोन पोळ्या कमी खा. मी मुळात खात होते दीड. मी आधी पोळी सोडली, मग भात सोडला, मग मासे तळणीतून रश्शात आणि रश्शातून स्वप्नात गेले. शेवटी ताटात काकडी आणि लिंबाची फोड राहिली. आईंनी वाकून पाहिलं.

"गो मेघा, नैवेद्याला पन यापेक्षा जास्त ठेवतात."

"आई, पोट कमी करायचंय."

"त्यात काय घालशील तर कमी करशील ना?"

वजन उतरलं खरं. पण पोट जिथल्या तिथे राहिलं; उतरले ते दंड आणि गाल. (पोट हा जुना भाडेकरू. बाकीचे सगळे घर सोडून गेले तरी तो काही हलत नाही.) दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरी चढताना मी मध्येच थांबून फोन पाहायला लागले. फोनमध्ये काही नसायचं, दम लागलेला असायचा. पण ब्लाउज बसला, आणि मी त्याला यश म्हटलं.

हळदीच्या संध्याकाळी उलव्याला वंदनाताईंच्या दारात मांडव भरला होता. बँजो वाजत होता. मांडवामागे मटणाचं पातेलं रटरटत होतं आणि वारा नेमका माझ्याच दिशेने वाहत होता. मी सकाळपासून एका सफरचंदावर होते, तेही लहान.

आजी म्हणून हळद लावायचा पहिला मान आईंचा. त्या रोहितसमोर पाटावर बसल्या. नातवाच्या गालाला हळद लावताना त्यांचा हात तिथेच जरा रेंगाळला आणि डोळे भरून आले. बायका गाणं म्हणायच्या थांबल्या. सगळं फार सुंदर चाललं होतं. मग आईंना उठायचं होतं.

आईंचे गुडघे बसायला होकार देतात, उठायला नाही. त्यांनी बाजूला पाहिलं. सर्वांत जवळ मी उभी होते, फोटोसाठी पोट आत घेऊन. त्यांनी हात पुढे केला.

"धर गो."

मी धरला. पाय रोवले आणि ओढलं. आई जागच्या हलल्या नाहीत. मी मात्र हलले. डोळ्यांपुढे काळोखी आली, मांडवातले दिवे एकदा लांब गेले, आणि मी आधी आईंच्या मांडीवर आणि तिथून घरंगळत, तोंड पुढे करून, हळदीच्या परातीत गेले.

बँजो थांबला.

"माझ्या अंगावर काय पडलं?" आईंचा आवाज आला. "ओढणी का?"

"नाय आई, वहिनी हाय," वंदनाताई म्हणाल्या.

मी परातीतून डोकं वर काढलं. नाकात, कानात, तोंडात हळद. समोर उघड्या अंगाने बसलेला रोहित माझ्याकडे पाहत होता. "मामी," तो हळूच म्हणाला, "हळद माझी आहे."

यानंतर मांडवात जे हसणं झालं ते बहुधा पनवेलपर्यंत ऐकू आलं असावं. आम्हा दोघींना उठवायला चार जण लागले. त्यातले तीन आईंना आणि एक मला, तोही एका हाताने.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी, लग्नात. तेलात कालवलेली हळद साबणाला जुमानत नाही. माझा चेहरा, मान आणि एक कान लखलखीत पिवळा होता. मुलीकडच्या एका काकांनी मिलिंदला कोपऱ्यात घेतलं. "कावीळ अंगावर काढू नका," ते म्हणाले, "कर्जतकडे एक जण माळ घालतो. आणि पथ्य कडक." काका परोपकारी निघाले. त्यांनी वाढप्यालाही सांगून ठेवलं. मी सगळं डाएट मोडून पंगतीत बसले होते, आणि माझ्या पानावर वरण-भात वाढून तो पुढे गेला. जिलेबीचं ताट तर माझ्यासमोर आल्यावर त्याने खाली वाकवलंही नाही.

इथपर्यंत मीही सगळ्यांबरोबर हसत होते. परातीचा व्हिडिओ कामोठ्यापासून उरणपर्यंतच्या नातेवाइकांत फिरला, तो मी स्वतः माझ्या बहिणीला पाठवला.

पण घरी परतल्यावर एक गोष्ट हळूहळू ध्यानात यायला लागली. आई मला हात मागेनाशा झाल्या. पलंगावरून उठायचं तर भिंतीला धरून उठायच्या. बाथरूमचा उंबरठा ओलांडायचा तर मिलिंदची वाट पाहायच्या. शेजारच्या सोसायटीत त्यांचं भजनी मंडळ बसतं, जमिनीवर सतरंज्या टाकून. तिथे जाणंच त्यांनी बंद केलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "घसा धरलाय." आईंचा घसा! तो धरला असता तर आख्ख्या सेक्टरला शांतता जाणवली असती.

एकदा त्या वंदनाताईंशी फोनवर बोलत होत्या. आई फोनवर बोलतात तेव्हा चोरून ऐकावं लागत नाही, घरात असणं पुरतं. "नाय गो, नाय जात मी भजनाला," त्या सांगत होत्या. "खाली बसले तर उठवायला कोन? मेघा येईल धावत. बारकी हाय ती. परत पडेल, कुठं लागेल तिला. त्यापेक्षा मीच नाय बसत."

लग्नानंतर माझं डाएट पुन्हा सुरू झालं होतं, मी स्वयंपाकघरात काकडी चिरत होते. ती तशीच ठेवली. मला वाटत होतं त्यांना माझं हसू येतं. त्यांना माझी भीती वाटत होती, म्हणजे माझ्यासाठी. पोटावरची एक वळी जावी म्हणून मी उपाशी राहत होते, आणि माझ्यापायी त्या घरात बसल्या होत्या.

दुसऱ्याच दिवशी मी दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी वजन केलं, रक्त तपासलं, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "वजन ठीक आहे तुमचं. अजून कमी करून काय उरवायचंय?"

"पोट," मी म्हटलं. "म्हणजे, पोट नको आहे."

"उपाशी राहून चरबीबरोबर मांसही गेलंय तुमचं. म्हणून दम लागतो, चक्कर येते. डाएट पुरे. नीट जेवा आणि वजन उचला. सुरुवात हलक्याने करा, कुणी शिकवणारं बघा."

घरी येऊन मी हे जसंच्या तसं सांगितलं. आईंनी त्यातलं 'जेवा' एवढंच ऐकलं आणि कोलंबी आणायला मिलिंदला पिटाळलं. मिलिंदने त्यातलं 'उचला' एवढंच ऐकलं, आणि बाजारातून आल्यावर सगळ्या पिशव्या जिन्याखाली माझ्या हातात दिल्या.

सुकापूरला एका औषधांच्या दुकानावर जिम आहे. तिथे शिकवणारी तेजल पंचविशीतली, खांदे असे की दारातून जरा तिरकं यावं लागावं. मी आधीच विचारून घेतलं, "मी पैलवानासारखी नाही ना दिसणार?"

"ताई," ती म्हणाली, "तसं दिसायला आम्ही वर्षानुवर्षं मरतो. तुमचं चुकून होणार नाही."

पहिल्या दिवशी तिने मला एक लोखंडी दांडा दिला. मी म्हटलं, वजनं नंतर लावूया. ती म्हणाली, हे हलकं वजनच आहे, आधी हे तर उचला. मी उचलला. म्हणजे एक टोक उचललं. दुसऱ्याला तिने हात लावला. मग खुर्चीवर बसल्यासारखं बसायचं आणि उठायचं, फक्त खुर्ची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कमोडवर बसताना माझ्या तोंडून असा आवाज निघाला की मिलिंदने दार ठोठावलं.

"काही मदत?"

"जा इथून."

आईंना हा सगळा प्रकार समजत नव्हता. "आमी मिठाची टोपली डोक्यावर घेऊन बांधावरून चालायचो," त्या म्हणाल्या. "तुमी घरातला हंडा मोलकरणीकडून उचलवता आनि बाहेर जाऊन लोखंड उचलता." पण डब्यात दोन अंडी त्याच भरायच्या. जिमच्या निमित्ताने सून जेवते, एवढं त्यांना पुरेसं होतं. बांगड्यातला मधला तुकडा, जो इतकी वर्षं मिलिंदचा होता, तो आता माझ्या ताटात यायला लागला. मिलिंद शेपटीवर आला.

मग एका सकाळी मी काट्यावर उभी राहिले आणि किंचाळले. वजन वाढलं होतं. मी तशीच रिक्षा करून सुकापूरला गेले. तेजलने शांतपणे विचारलं, "साडी कशी बसते?"

"कमरेत सैल झालीय."

"दम?"

"दुसऱ्या मजल्यापर्यंत लागत नाही."

"मग काट्याला काय कळतं?" तिने विचारलं. घरी येऊन मी काटा पलंगाखाली ढकलला. तेवढं वाकणं आता मला जमत होतं.

पावसाळा संपला त्या सुमारास एका दुपारी मी कामोठ्याच्या मुलांची शिकवणी घेऊन घरी परत आले, तर आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेल्या. समोर सूप, सुपात सुकट. निवडायच्या नादात खाली बसल्या होत्या, आणि आता उठता येत नव्हतं. किती वेळ तशा होत्या कोण जाणे. मला पाहून त्यांनी चेहरा साधा केला.

"शेजारच्या पाटलीनीला हाक मार जरा."

"कशाला? मी आहे ना."

"नको गो. मिलिंद येईल इतक्यात."

"आई, हात ओढायचा नाही. तुम्ही माझ्या खांद्यांना धरा."

मी त्यांच्यासमोर पाय फाकवून खाली बसले, पाठ ताठ. त्यांच्या काखेखालून हात घातले. त्यांनी डोळे घट्ट मिटले. देवाचं नाव घेत होत्या, बहुतेक माझ्यासाठी. मी टाचांवर भार दिला आणि उठले. आणि माझ्याबरोबर आई उठल्या. सहज नाही, मांड्या थरथरल्या, एक बांगडी फुटली. पण आम्ही दोघी उभ्या होतो.

आईंनी डोळे उघडले. खांदे मात्र सोडले नाहीत. त्यांचं डोकं माझ्या डोक्यावरून कितीतरी वर होतं, आणि अंगाला सुकटीचा वास येत होता.

"मोडली नाय ना तू?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मी मुद्दाम नव्हते मागत हात."

"माहीत आहे मला."

त्यांनी पदराने माझ्या कपाळावरचा घाम पुसला, आणि मग तोच पदर स्वतःच्या डोळ्यांना लावला. "सुकट तिखट हाय," त्या म्हणाल्या. (सुकट तिखट नसते.)

पुढच्याच गुरुवारी आई भजनाला गेल्या, मला सोबत घेऊन. आरती झाली, मी त्यांना उभं केलं. शेजारी बसलेल्या काकूंनी ते पाहिलं आणि दोन्ही हात वर केले. त्यांच्यापलीकडच्या आजींनीही केले. त्या दिवसापासून मंडळाचा क्रम ठरून गेला आहे: भजन, आरती, प्रसाद, मी. आई बाजूला उभ्या राहून देखरेख करतात. "सावकाश गो, एकेक घे. तिला शेवटी घे, ती जड हाय."

परवा तेजलने जिमच्या भिंतीवर माझे दोन फोटो शेजारी शेजारी लावले, पहिल्या आठवड्यातला आणि आत्ताचा. मी मोठ्या अभिमानाने मिलिंदला बघायला नेलं. त्याने दोन्ही नीट न्याहाळले, जवळ गेला, लांब गेला, आणि अतिशय प्रेमाने एकावर बोट ठेवून म्हणाला, "केवढा फरक पडलाय गं. या आत्ताच्या फोटोत किती तजेला आहे." तेजल हसू दाबत पाणी प्यायला निघून गेली, कारण त्याने बोट ठेवलं होतं ते पहिल्या आठवड्यातल्या फोटोवर. मी त्याला कुठल्या तोंडाने हसणार? भिंतीवर फोटो लागले तेव्हा मी स्वतः तोच फोटो आत्ताचा समजून त्याच्याशेजारी उभी राहून सेल्फी काढला होता.