बँडचे सर आणि मी
पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानावर बँड माझ्या समोरून निघाला. पहिल्याच रांगेत, छातीवर मोठा ड्रम बांधलेली माझी मुलगी. मला राहवलं नाही. दोरीखालून वाकून आत शिरलो, खिशातली नोट काढली, तिच्या डोक्यावरून ओवाळली आणि ड्रमच्या पट्ट्यात खोचली. आमच्याकडे वरातीत वाजवणारा आवडला की हेच करतात. फरक एवढाच, की वरातीतला बँड थांबतो, सलाम ठोकतो आणि दुप्पट जोराने वाजवतो. शाळेचा बँड पावलावर पाऊल टाकत चाललेला असतो. मुलगी थबकली, तिच्या पाठीवर मागचा बिगुलवाला आदळला, त्याच्यावर त्याच्या मागचा, आणि धून मध्येच म्हशीसारखी रेकली.

बँडचे सर धावत आले. वाटलं, आता झापतात. तर हळूच म्हणाले, "भाऊ, आत्ता नको. वाजवून झालं की द्या." आणि मुलीकडे बघून नुसती मान हलवली. तिने ड्रमवर टोला दिला. रांग पुन्हा चालू.

ती मान बघून माझ्या पोटात दुखायला लागलं, ते बरेच महिने राहिलं.

आदल्या वर्षी आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर भरसंध्याकाळी दोन टोळक्यांत मारामारी झाली होती. कोयते निघाले, उभ्या गाड्या फोडल्या, एका पोराला तिथेच पाडलं. मुलगी क्लासवरून येत होती. तिने सगळं पाहिलं. तेव्हापासून तिने तो कोपराच सोडला. मागच्या बोळातून लांबचा फेरा घालून शाळेत जायची. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायची. बोलणं म्हणजे 'हं' आणि 'नाही'. मी काय केलं नाही? अंबडच्या कंपनीतला ओव्हरटाइम सोडून लवकर घरी यायला लागलो. सोमेश्वरच्या धबधब्यावर नेलं, मिसळ खाऊ घातली, विनोद सांगितले. माझ्या विनोदांवर ती आधीही हसत नव्हती, तो भाग सोडा.

मग शाळेत बँड सुरू झाला. आमच्याच भागातली पोरं त्या टोळक्यांच्या मागे फिरायला लागली होती. शाळा सुटल्यावर त्यांना मैदानात अडकवून ठेवावं, एवढाच शाळेचा विचार. एरवी एकमेकांकडे बघून थुंकणारी दोन गल्ल्यांतली पोरं एका रांगेत उभी राहिली. एकाचं पाऊल चुकलं की दुसऱ्याचंही चुकतं, त्यामुळे एकमेकांच्या पायांकडे बघणं आलंच. आणि कुकरला दचकणाऱ्या माझ्या मुलीने सगळ्यांत मोठ्या आवाजाचं वाद्य मागून घेतलं.

मला आनंद झाला. चार दिवस टिकला. मग जेवताना 'सर म्हणतात' सुरू झालं. सर म्हणतात, सरावाआधी पोटभर खायचं नाही. सर म्हणतात, ताठ बसावं. ताठ बस, हे मी ती बालवाडीत असल्यापासून सांगतोय. माझ्या सांगण्याने तिच्या पाठीला कधी कणा फुटला नाही.

"सर भातावर आधी वरण घेतात की तूप?" मी एकदा विचारलं.

"पप्पा, तुम्ही ना," ती म्हणाली. बायको ताटात बघून हसली.

जानेवारीत सर घरी आले. चहा घेतला, आमच्या चहाचं कौतुक केलं. चांगला माणूस, तेच तर वाईट. म्हणाले, सव्वीस जानेवारीला बँड कॉलनीतून फिरवायचाय. त्या कोपऱ्यावरून.

"तिथून नको," मी म्हणालो. "तिला नाही जमायचं. बाप आहे मी, मला माहितीये."

काळजी खरीच होती. पण तिला तिथून कुणी न्यायचंच असेल तर ते मी, हा कोण, हेही त्या काळजीत मिसळलेलं होतं.

सरांनी तिलाच विचारलं. तिने सरांचा रिकामा कप उचलून ट्रेमध्ये ठेवला. मग म्हणाली, "जाईन. पण पप्पांनी खाली यायचं नाही."

"का गं?"

"तुम्ही ओवाळाल."

म्हणून सव्वीसला सकाळी सगळी कॉलनी खाली आणि मी एकटा गॅलरीत. तिथून कोपरा दिसतो. बँड जवळ आला तसा ड्रमचा ठोका लांबला, मग चुकला, मग थांबलाच. मागची रांग जागच्या जागी पाय आपटत राहिली. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. सर तिच्याकडे तोंड करून जागीच पावलं टाकत होते. हलत होती ती मान फक्त, पावलांच्या तालावर डावीकडे, उजवीकडे. शेजारच्या छोट्या ड्रमवाल्या पोराने हलक्या हाताने ठेका धरून ठेवला. पलीकडच्या गल्लीतला पोरगा तो.

आणि तिचा टोला पडला. आमच्या खिडकीची काच थरारली. ती कोपरा ओलांडून गेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगतो, त्यातलं निम्मं जळफळाटाचं होतं. ती मान मला हलवायची होती.

कार्यक्रम संपल्यावर ती घरी आली ती त्याच कोपऱ्यावरून. एकटी, ड्रमशिवाय. आली आणि झोपून गेली.

"त्या माणसात असं आहे तरी काय?" मी बायकोला विचारलं.

"काही नाही," ती पोळी तव्यावर टाकत म्हणाली. "खाली त्यांची बायको भेटली होती. आपल्या मुलीएवढीच मुलगी आहे त्यांना. घरात बापाशी धड बोलत नाही म्हणे. तुम्ही जाऊन बघा एकदा, त्या मुलीशी तुमचं जमेल."