एकटा घोडा डावीकडे

व्हर्ना हॉगलंड बिग टिंबर गावच्या गुरांच्या बाजारात आली की भलेभले पुरुष आपापल्या जनावरं वाहायच्या ट्रेलरच्या पुढ्यात आडवे उभे राहत. बाई दिसेल त्या ट्रेलरचा गाडीला जोडायचा पुढचा दांडा हाताने उचलून बघे आणि वजनाचा तोल चुकलेला असला की चारचौघांत लाज काढे. साठी उलटलेली विधवा, जन्मभर लोकांचे घोडे ट्रेलरातून पोचवलेली, आणि जीभ अशी की पाद्रीबुवासुद्धा वाट बदलत. सख्ख्या भावाशी, ऑरिनशी, तर बोलणंच बंद. बापाने सगळं रान त्याच्या नावावर केलं तेव्हापासून.

त्या वर्षी बर्फ वितळताना ऑरिनच्या घोड्याच्या, सार्जच्या, पोटात कळ उठली. आतडं पिळलं होतं. शस्त्रक्रिया नाहीतर खड्डा. जनावरांचा मोठा दवाखाना बोझमनला, आणि ऑरिनची पिकअप नेमकी बंद पडलेली. नाक मुठीत धरून त्याने बहिणीला फोन केला.

ती पिकअप घेऊन पोचली तर या शहाण्याने घोडा आधीच चढवलेला, तोही गाडीला न जोडलेल्या ट्रेलरात! घोडा दोन खणांतल्या उजव्या खणात, आणि मागच्या दाराशी गुरांना चाटायच्या मिठाच्या विटांची चळत. व्हर्नाने दांडा उचलला. एका हाताने वर आला.

"हे मीठ कशाला रे?"

"वाटेत त्या एरिक्सनच्या गोठ्यावर टाकायचंय. जातोच आहोत तर."

"घोडा मरायला टेकलाय आणि तू मीठ पोचवतोयस? अरे गाढवा, गाडी उलाळ झालीये, सगळं वजन मागे. वाटेतल्या लिव्हिंग्स्टनच्या वाऱ्यात मागचं बूड हलायला लागलं की आपण सगळे चरात! आणि एकटा घोडा उजवीकडे? आपण चालतो उजव्या बाजूने, आणि रस्ता त्याच कडेला उतरता असतो, विसरलास? डावीकडे घे त्याला. काढ बाहेर."

"कसाबसा चढलाय तो! पुन्हा चढला नाही तर?"

ते खरं होतं. पण तिने पिकअप जोडली, विटा चिखलात भिरकावल्या आणि घोडा उतरवला. सार्ज उतरला आणि चार पाय रोवून उभा राहिला. काही केल्या आत जाईना. ऑरिन दोर ओढून बोंबलत सुटला.

"मारलंस त्याला! बापाने तुला काही दिलं नाही, त्याचा सूड उगवतेस!"

"सलतंय ते. मरेपर्यंत सलेल," व्हर्ना म्हणाली. "पण सूडच घ्यायचा असता तर तुझ्या मिठासकट ओढत नेलं असतं. आता तोंड मीट. तू ओरडतोयस तोवर तो पाय उचलायचा नाही."

ऑरिनने दोर सैल सोडला. घोड्याच्या मानेवर कपाळ टेकून हमसून हमसून रडला. व्हर्नाने दुसरीकडे तोंड फिरवलं. भावाचं रडणं तिला बघवेना, आणि बघवत नाही याचाही तिला राग आला. मग सार्जने नाक फुरफुरवलं आणि ऑरिनच्या मागोमाग डाव्या खणात चढला. ऑरिन लगेच त्याचा दोर पुढे बांधायला लागला.

"आधी त्याच्या मागची आडवी दांडी लाव!" ती खेकसली. "बांधल्यावर मागे सरला तर घाबरून मान मोडून घेईल. एवढंही कळत नाही?"

लिव्हिंग्स्टनला वाऱ्याने गाठलंच. शेजारून एक अजस्र मालट्रक गेला तशी ऑरिनने दाराची मूठ घट्ट पकडली. ट्रेलर सरळ मागे येत राहिला. बोझमनला डॉक्टरांनी सार्जला लगेच शस्त्रक्रियेला घेतलं.

सार्ज वाचला. ऑरिनने बहिणीला कळवलंसुद्धा नाही, तिला ते डॉक्टरांकडून कळलं. वर तो गावातल्या खानावळीत सांगत फिरला, की व्हर्नाने विटा फेकण्यात वेळ घालवला, घोडा हकनाक मेला असता.

खानावळवाल्या डॉलीने ते व्हर्नाच्या कानावर घातलं. डॉली डोळे मोठे करून आता स्फोट होणार म्हणून वाट बघत राहिली. व्हर्नाने कॉफी संपवली.

"घोडा गेला असता तर रडायला माझ्याच दारात आला असता," ती म्हणाली. "जगलाय, म्हणून शिव्या देतोय. देऊ दे."