लावा पुढे, भूत ताटकळलंय

आधीच सांगते, आमच्या घरात असल्या गोष्टींवर कुणाचाच विश्वास नाही. बौद्ध घर आहे आमचं. अंगात येणं, लिंबू-मिरची, अमावास्या... यातलं काहीच आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही. पप्पांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला आणि "पुरावा काय?" हा प्रश्न विचारताना त्यांनी भाजीवाल्यालाही सोडलं नाही. त्यांची मुलगी इथे असला अनुभव लिहितेय हे कळलं असतं, तर त्यांनी आधी माझं शुद्धलेखन तपासलं असतं. तरी लिहितेय, कारण पोटात ठेवून आता चार आठवडे झाले.

आम्ही भाईंदर पूर्वेला राहतो, नवघरला. तिसरा मजला, वन बीएचके. हॉलमध्ये टीव्ही, समोर दिवाण, आणि खिडकीजवळ पप्पांची वेताची खुर्ची.

गंमत म्हणजे भुताखेतांना न मानणाऱ्या ह्या माणसाला हॉरर पिक्चर भयंकर आवडायचे. त्यातही इतिहासातल्या खऱ्या माणसाला घेऊन रचलेले असले की विचारूच नका. राजा असो, सरदार असो, त्याला रक्तपिपासू करा, झाडाला उलटा लटकवा, पप्पांची ना नसायची. "भुताला माझी हरकत नाही," ते म्हणायचे, "काडेपेटीला आहे. जी वस्तू त्या काळात नव्हती, ती दाखवायची नाही."

त्यामुळे आमच्याकडे पिक्चर बघायची एक रीत होती. रविवारी दुपारी, मटण-भात झाल्यावर, पडदे सताड उघडे. अंधारात चुका दिसत नाहीत, हे पप्पांचं कारण. रिमोट त्यांच्या हातात. चूक दिसली की पॉज. मग उठायचं, चष्म्याच्या दांडीने स्क्रीनवर ती वस्तू दाखवायची आणि आम्हा दोघींचा पाच मिनिटं तास घ्यायचा. स्क्रीनवर बिचारं भूत हात वर करून थांबलेलं असायचं. शेवटी आई दिवाणावरून म्हणायची, "अहो, लावा पुढे, भूत ताटकळलंय!" हे वाक्य मी माझ्या लहानपणापासून ऐकत आलेय.

ह्या वर्षी एक पिक्चर आला. नाव सांगत नाही, ज्यांनी बघितलाय त्यांना कळेलच. आपल्या ह्याच किनाऱ्यावरचा पोर्तुगीज काळातला एक कप्तान, अगदी खराखुरा, पप्पांच्या टिपणवहीत दोन पानं असलेला. पिक्चरमध्ये तो लढाईत मरतच नाही. मिठागरात गाडला जातो आणि दर पिढीत एकदा वर येतो, अंगाला मीठ चिकटलेला, रक्ताला तहानलेला. पप्पांनी ट्रेलर किती वेळा बघितला असेल, देव जाणे... म्हणजे आमच्यात देवही नाही, पण तुम्हाला कळलं.

"सुजू, हा थिएटरात बघायचा. मोठ्या पडद्यावर," ते म्हणाले. मला ऑफिसचं काम होतं. खरं सांगायचं तर काम एवढं नव्हतं, कंटाळा होता. मी म्हणाले, "पप्पा, पुढच्या रविवारी नक्की."

त्या गुरुवारी सकाळी केबिन रोडवरून दूध घेऊन आले, खुर्चीत बसले, आणि गेले. डॉक्टर म्हणाले हार्ट. पुढचा रविवार आलाच नाही.

तुम्हाला वाटेल, एका पिक्चरचं काय एवढं. पण मला झोपताना तेच आठवायचं. त्यांनी माझ्याकडे मागितलेली ती शेवटची गोष्ट होती आणि मी ती कंटाळ्यापायी दिली नाही. आई मला कधी काही बोलली नाही. तिने फक्त टीव्ही लावणं सोडलं. रिमोटवरचं प्लॅस्टिक आणि रबरबँड तसंच ठेवून तिने आतले दोन्ही सेल काढले आणि भिंतीवरच्या घड्याळात घातले. रिमोट खुर्चीवर ठेवून दिला.

चार महिन्यांनी तो पिक्चर घरबसल्या बघता येऊ लागला. मीच धीर करून आईला विचारलं. कांदा चिरता चिरता ती म्हणाली, "मटण आण मग."

रविवारी दुपारी जेवून बसलो. पडदे उघडे. मी मोबाईलवरून पिक्चर टीव्हीवर लावला आणि मोबाईल आतल्या खोलीत चार्जिंगला ठेवून आले.

पंधरा-वीस मिनिटांत पिक्चर थांबला. मला वाटलं, वायफाय. आत जाऊन पुन्हा सुरू केला. स्क्रीनवर काय थांबलंय, तेही बघितलं नाही.

थोड्या वेळाने परत थांबला. ह्या वेळी नीट बघितलं, नेट गेल्यावर फिरतं ते गोल चक्र नव्हतं. पॉजच्या दोन उभ्या रेघा होत्या. मी उठणार तेवढ्यात आईने माझा हात धरला.

"कंदील," ती म्हणाली.

"काय?"

"रॉकेलचा कंदील आहे तो, काचेचा. तेव्हा कुठलं रॉकेल? आणि मघाशी थांबला तेव्हा तो शिपाई काडी ओढत होता."

मी खुर्चीकडे बघितलं. रिमोट तिथेच, प्लॅस्टिकमध्ये. घड्याळ त्याच्या सेलवर टिकटिक करत होतं. खोटं कशाला बोलू, मी दोन्ही पाय दिवाणावर वर घेतले. आई मात्र अजिबात घाबरली नाही. तिने पदर सावरला आणि अगदी नेहमीच्या आवाजात, जराशी वैतागून म्हणाली, "अहो, लावा पुढे, भूत ताटकळलंय."

पिक्चर सुरू झाला.

तिसऱ्यांदा थांबला तेव्हा पडद्यावर नुसती एक कोळीण उभी होती. मला काहीच सापडेना. तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधल्या हंसाबेन गरम हांडवोची बशी घेऊन उघड्या दारातून आत आल्या. थांबलेला टीव्ही बघून सवयीने बोलून गेल्या, "सर फिर से रोकके बैठे क्या?" आणि लगेच जीभ चावली. "सॉरी बेटा... आदत पड गई ने."

"बैठो हंसाबेन," आई म्हणाली. "सर का चालू है."

मी टीव्हीला नाक लावलं तेव्हा दिसलं. कोळिणीच्या खांद्यावर, पदराच्या चुणीत, सेफ्टी पिन! मी हसायला लागले आणि मग ते हसणं थांबेना, आणि मध्येच कधीतरी मी रडायला लागले. आईने मला जवळ ओढलं आणि टीव्हीला दम दिला, "सापडली हो तिला. लावा आता." लागला.

आता तुम्ही म्हणाल, मनाचे खेळ. मीही तेच म्हटलं असतं, पण अननसाचं काय करू? पुढे कप्तान जेवायला बसतो आणि टेबलावर मधोमध अननस. मी आईला म्हणाले, "बघ, इथे थांबणार. तेव्हा कुठला अननस!" आम्ही तिघी श्वास रोखून बसलो. नाही थांबला. नंतर मी शोधलं, तर अननस आपल्याकडे पोर्तुगिजांनीच आणलेला. चूक माझी होती. पप्पांना हे माहीत असणार, मला नव्हतं.

त्यानंतर पिक्चर सलग चालला. शेवटी शेवटी तर कहर आहे. कप्तान मिठागरातून उठतो, घोड्यावर बसून हायवेने जातो. इतिहासाचं पार भरीत. हंसाबेन उशीमागे लपल्या होत्या आणि बोटांच्या फटीतून सगळं बघत होत्या. मी मात्र रेघांची वाट बघत होते. एकदाही आल्या नाहीत. नावं वर सरकायला लागली तेव्हा मी विचारलं, "आई, गेले का ग ते?"

"गेले कशाला?" आई म्हणाली. "पिक्चर आवडला की चुका शोधायचं विसरतात. नेहमीचंच आहे त्यांचं." मग माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "बघितला त्यांनी, सुजू. आता तू झोपत जा."

म्हणजे मी कशाने जागी राहते, हे तिला माहीत होतं. चारही महिने.

दुसऱ्या दिवशी टीव्हीवाल्याला बोलावलं. त्याने सगळं तपासलं, "टीव्ही एकदम ओके है मॅडम," म्हणाला. मोबाईलही ठीक आहे. त्यानंतर आम्ही दोन पिक्चर बघितले, एकही थांबला नाही. दुसऱ्यात तर मावळ्याच्या मनगटावर घड्याळ काढल्याचा पांढरा पट्टा दिसत होता, तरी नाही. पुरावा काय, असं पप्पा विचारतील. नाहीये माझ्याकडे. आणि खरं सांगू का, मी तो शोधायचंही सोडलंय.

सेल अजून घड्याळातच आहेत. आणि मी पप्पांना पुढच्या रविवारी नक्की म्हणाले होते... तो रविवार चार महिने उशिरा आला, पण आम्ही पिक्चर एकत्र बघितला.