जबाब मैनाबाईचा, कौल देवीचा

अर्जदार: प्रस्तुत हकिगत लिहिणारा, धंदा अर्जलेखन, बैठक महाडच्या मामलेदार कचेरीसमोरील पारावर, वय पन्नाशीच्या आसपास. काळ: कूळकायद्याची धामधूम चालू होती ती वर्षे, शिमगा उलटल्यानंतरचा सोमवार. साक्षीदार: गावदेवीचे गुरव, कचेरीतील शिपाई व तारखेस हजर असलेली मंडळी. पैकी गुरव आज हयात नाहीत. बाकीच्यांना विचारून खात्री करून घेण्यास हरकत नाही. इतरांचे असे अनुभव वाचताना ‘यात पुरावा कुठे आहे?’ असे मीच प्रथम म्हणत असे, म्हणून हे आधी नोंदवले.

पोलादपूर पेट्यात आंबेनळी घाटाच्या अंगाला डोंगरमाथ्यावर एक वाडी आहे. तेथील मैनाबाई ही जन्मापासून बहिरी, म्हणून मुकीही. तिचा नवरा वारल्यावर त्याच्या वाट्याची वरकस, म्हणजे डोंगरउताराची नाचणीची जमीन, गोठा व दोन म्हशी एवढे मागे राहिले. तिचा दीर धोंडू याने कचेरीत सांगितले की, वहिनीने आपला हक्क राजीखुशीने सोडला आहे. मैनाबाईचा बाप तुडीलहून माझ्याकडे आला आणि तिच्यातर्फे मी हरकतीचा अर्ज लिहिला. अर्ज उत्तम उतरला होता. ‘अनाथ अबलेचा वाटा वेगळा करून तिला पितृगृही सुखाने राहू द्यावे’ या वाक्यावर तर शिपायानेही मान डोलावली होती.

पहिल्या तारखेला मामलेदारांनी अर्ज बाजूला ठेवला आणि बाईला स्वतः काय म्हणायचे आहे ते विचारले. बाई त्यांच्या ओठांकडे बघत राहिली.

“वयनीची बोली घरच्याबिगर कुनाला कळत नाय, सायब,” धोंडू पुढे होऊन म्हणाला. “मी इचारतो, मी सांगतो.”

“तू सांगशील, तिनं सूर्य पन तुलाच दिलाय म्हनून,” बाप म्हणाला.

मामलेदारांनी दोघांनाही गप्प केले. दीर हितसंबंधी, बापही हितसंबंधी. दोघांचे भाषांतर चालणार नाही. पुढच्या तारखेस त्रयस्थ दुभाषी आणा, न मिळाल्यास आहे त्या पुराव्यावर निकाल देईन, असे त्यांनी बजावले. आणि असलेला पुरावा सारा धोंडूच्या बाजूचा होता.

मधल्या दिवसांत माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती. गुजराती व्यापाऱ्याला दुभाषी मिळतो, कोकणी मुसलमानाला मिळतो. मुक्या माणसाला कोण मिळणार? शाळामास्तरांना विचारले, दवाखान्यात विचारले. मुंबईला मुक्याबहिऱ्यांची शाळा आहे म्हणतात, पण तेथून महाडच्या तारखेला कोण येणार? मी बाईला मोठ्या अक्षरांत लिहून दाखवले. तिला अक्षर येत नव्हते. मग मोठ्याने बोलून पाहिले. तेव्हा पारावरचा एक पक्षकार म्हणाला, “अर्जवाले, आता रायगडावर चढून बोला, मंग आयकंल.” लोक हसले. मला रात्री जेवण गेले नाही. ज्याच्या शब्दावर लोकांच्या जमिनी फिरतात, त्याचा एकही शब्द या बाईपर्यंत पोहोचत नव्हता.

तारखेच्या सकाळी मी बाप-लेकींना घेऊन गावदेवीला कौल लावला. आमच्याकडील रीत अशी: गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवतो व गाऱ्हाणे घालतो. उजवी कळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मी विचारले होते, ‘अर्ज चालवू का?’ खरे सांगायचे तर डावी पडावी, म्हणजे माझी सुटका होईल, असे मनात होते. पण कोणतीच कळी पडेना. उन्हे चढली. मी उठू लागलो तसे गुरव म्हणाले, “कौल लावून अर्ध्यावर उठायचं नाय. तुमची कचेरी आकरा वाजता बसते, देवी तिच्या येळंला बसते.” मी बसलो, पण माझे पाय काही बसेनात. सभामंडपात येरझाऱ्या घालून मी फरशी झिजवली.

इतक्यात घाटावरून उतरलेली एस.टी. इंजिन तापल्याने रस्त्यावर उभी राहिली आणि उतारू पाण्यासाठी देवळात आले. त्यांत वाईकडची एक प्रौढ बाई होती, श्रीवर्धनला दिलेल्या लेकीकडे निघालेली. मैनाबाईने बापाला काही हाताने सांगितले, ते या वाईच्या बाईने पाहिले. तांब्या खाली ठेवून ती मैनाबाईसमोर बसली आणि हात हलवू लागली. मैनाबाई दचकली. मग तिचेही हात सुरू झाले. आधी अडखळत, मग भराभर.

“माझी थोरली भन अशीच हुती,” ती बाई मला म्हणाली. “तिच्या खुणा येगळ्या, हिच्या येगळ्या. पर जुळत्यात. वाईच येळ द्या.”

तेवढ्यात उजवी कळी पडली. मैनाबाईने ती पाहिली, आपल्या उजव्या खांद्याला हात लावला व मान हलवली. वाईची बाई म्हणाली, “बगा, ही हिची ‘व्हय’ची खूण.” तिने आपली गाडी सोडली. मी गयावया केली नव्हती. नुसते हात जोडले होते.

कचेरीत धोंडू म्हणाला, “ही कोन बया? हवेत हात फिरवंल न् काय बी सांगंल.” त्याचे म्हणणे कायद्याने रास्त होते. मामलेदारांनी वाईच्या बाईला बाहेर पाठवले, मैनाबाईच्या देखत आपली टोपी काढून टेबलाखाली ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली आणि मग तिला आत बोलावले. मैनाबाईचे हात चालले. वाईची बाई पदर तोंडाला लावून उभी राहिली.

“सांगा,” मामलेदार म्हणाले.

“साह्यबांनी टोपी काढून टेबलाखाली ठिवली हुती. आन् ती म्हनती... टोपी डोक्यावरच असू द्यावी. टोपीखाली समदं साफ हाय.”

मामलेदारच आधी हसले, म्हणून मग कचेरी हसली. त्यांनी तिला शपथ दिली.

“जमिनीचा हक्क दिराला सोडलास का?” मामलेदारांनी विचारले आणि वाईच्या बाईने ते हातांनी पोहोचवले. मैनाबाईने डाव्या खांद्यावर हात मारला, एकदा, आणि पुन्हा एकदा. उत्तराला दुभाष्याची गरजच उरली नाही. तेथे बसलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी कौल लावला होता. धोंडूनेही लावला होता. त्याने मान खाली घातली.

“बापाकडे तुडीलला जाणार का?” मी निश्चिंत होतो, अर्जात मीच तसे लिहिले होते. हात पुन्हा डाव्याच खांद्यावर गेला. बाप म्हणाला, “गो पोरी...”

वाईची बाई सावकाश सांगू लागली, “ती म्हनती, म्हशींना हाक माराय मला येत न्हाई, पर त्या माझ्याकडं बगत्यात. मी वरच ऱ्हानार. नाचणी मीच करनार.”

तोच जबाब लिहिला गेला आणि जमीन मैनाबाईच्या नावे लागली. वाईची बाई दुपारच्या गाडीने गेली. तिचे नाव येथे देत नाही, कारण द्यावे का, हे तिला विचारलेले नाही.

इंजिन तापणे आणि कळी न पडणे यांचा संबंध मी सिद्ध करू शकत नाही, करणारही नाही. एवढेच कळले की मी कौल मागितला माझ्या अर्जासाठी आणि देवीने तो राखून ठेवला मैनाबाईच्या जबाबासाठी. तेव्हापासून दुसऱ्याच्या वतीने लिहिण्याआधी मी लेखणी खाली ठेवून थोडा वेळ बसतो. पाय अजूनही बसत नाहीत. पण मी बसतो.

सबब देवीच्या दरबारी व सरकारदरबारी एकच विनंती: प्रत्येक वेळी घाटात गाडी तापेल असे नाही. तरी प्रत्येक कचेरीत व दवाखान्यात मुक्याबहिऱ्यांची बोली जाणणारे एक माणूस नेमून द्यावे. या अर्जाचे उत्तर मिळावे. ते लेखी नसले तरी चालेल; उजवा खांदा पुरेसा आहे.